संरक्षण-खर्चाच्या वादातील मराठी : ‘सैनिक’ या शब्दाच्या व्याप्तीविषयी

राज्याने शस्त्रधाऱ्यांवर किती खर्च करावा आणि शस्त्र खाली ठेवलेल्या माणसाचे ते काय देणे लागते, हा वाद आपल्याकडे अर्थकारणाचा व पक्षीय राजकारणाचा समजला जातो. भाषेच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालावयाचे प्रयोजन काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तथापि गेल्या दहाबारा वर्षांतील या वादाचा क्रम पाहिला, तर तो प्रत्येक वेळी एखाद्या शब्दाच्या अर्थापाशी येऊन अडला आहे असे दिसून येईल. २०१५ मध्ये ‘समान हुद्दा, समान निवृत्तिवेतन’ या मागणीसाठी निवृत्त सैनिक दिल्लीत जंतरमंतरवर बसले, तेव्हा ‘समान’ असावे याविषयी कोणत्याच पक्षाचा मतभेद नव्हता. मतभेद होता तो ‘समान’ म्हणजे काय याविषयी. भगतसिंह कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखालील राज्यसभेच्या याचिका समितीने २०११ मध्ये स्वीकारलेल्या अर्थानुसार पुढे होणारी प्रत्येक वाढ जुन्या निवृत्तांस आपोआप लागू व्हावयाची होती. ५ सप्टेंबर २०१५ च्या घोषणेत ‘आपोआप’ गेले आणि त्या जागी ‘दर पाच वर्षांनी’ आले. १६ मार्च २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शासनाचा अर्थ ग्राह्य धरला. पुढे जून २०२२ मध्ये ‘अग्निपथ’ योजना आली आणि चार वर्षांनी परतणारा तरुण ‘माजी सैनिक’ होय की नव्हे, हा प्रश्न उभा राहिला. जुलै २०२४ मध्ये लोकसभेत विरोधी पक्षनेते राहुल गांधी आणि संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांच्यात खडाजंगी झाली ती बव्हंशी ‘शहीद’ या एका शब्दावरून आणि त्याच्या पाठोपाठ येणाऱ्या रकमेवरून.

या वादाची जी मराठी आपल्या विधिमंडळांत, सभांत आणि वृत्तपत्रांत घडली आहे, तिची परीक्षा करावी एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ही मराठी गौरवाचे शब्द सढळ हाताने वाटते आणि हक्काचे शब्द मात्र हात आखडून देते, असे माझे म्हणणे आहे. परीक्षेचे स्थळ म्हणून मी चंद्रपूर व गडचिरोली हे दोन जिल्हे घेतो. (२६ ऑगस्ट १९८२ पर्यंत ते एकच होते.) साताऱ्याकडे किंवा कोल्हापुराकडे ‘सैनिक’ म्हटले की अर्थाची अडचण सहसा पडत नाही. घरात पलटणीतला माणूस असतो, त्याचे निवृत्तिवेतन येते, आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची वाट साऱ्या गावाला ठाऊक असते. झाडीच्या या मुलखात मात्र राज्याच्या नावाने गेली चार दशके जी माणसे बंदूक खांद्यावर घेऊन हिंडली, त्यांतील बहुसंख्य कायद्याच्या भाषेत सैनिकच नव्हेत.

ही माणसे कोण, हे स्पष्ट केले पाहिजे. एक, महाराष्ट्र पोलीस दलातील, विशेषतः १९९० मध्ये उभ्या राहिलेल्या ‘सी-६०’ या पथकातील जवान. हे बहुधा याच जिल्ह्यातले आणि गोंडी-माडिया जाणणारे. दोन, केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या येथे वर्षानुवर्षे तळ देऊन राहिलेल्या तुकड्या; त्यांत देशभरातून आलेली मुले. १ फेब्रुवारी २००९ रोजी मरकेगाव येथे १५ पोलीस मारले गेले, त्याच वर्षी ८ ऑक्टोबरला भामरागड तालुक्यात लाहेरीजवळ १७. २७ मार्च २०१२ रोजी धानोरा तालुक्यात पुस्टोल्याजवळ सुरुंगाने राखीव पोलीस दलाची बस उडाली आणि १२ जवान गेले. १ मे २०१९ रोजी कुरखेडा तालुक्यातील जांभुळखेड्याजवळ १५ पोलीस आणि त्यांच्या वाहनाचा चालक मृत्युमुखी पडले. या घटनांचे वृत्त देताना मराठी वृत्तपत्रांनी ‘जवान’ हा शब्द वापरला. भाषेने आपले काम चोख केले होते. सीमेवरचा आणि जंगलातला असा भेद तिने केला नाही.

हा भेद मराठीने पूर्वीही फारसा केलेला नाही, हे शब्दांच्या इतिहासावरून दाखविता येते. ‘शिपाई’ हा मूळ फारसी ‘सिपाही’, म्हणजे फौजेतला माणूस. मराठेशाहीत शिपाईगिरी म्हणजे लढण्याचा पेशा. इंग्रजी अमलात या शब्दाचा अर्थापकर्ष होत गेला आणि तो एकीकडे पोलिसाकडे, दुसरीकडे कचेरीच्या दाराशी स्टुलावर बसणाऱ्या माणसाकडे उतरला. शासनव्यवहाराच्या मराठीत आजही कॉन्स्टेबल म्हणजे ‘पोलीस शिपाई’. ‘फौजदार’ म्हणजे फौज बाळगणारा अधिकारी. तो आपल्या बोलीत पोलीस उपनिरीक्षक झाला, आणि ‘फौजदारी’ तर गुन्ह्याच्या खटल्याचे नाव होऊन बसली. ‘हवालदार’ अद्याप दोन्ही घरी नांदतो. एकूण, पोलीस ठाण्यातील जुनी मराठी नावे पाहिली तर ती छावणीतूनच आलेली आहेत.

‘सैनिक’ या संस्कृत शब्दाचा प्रवास उलट दिशेने झाला. सेनेत समाविष्ट होणारा तो सैनिक, एवढाच त्याचा मूळ अर्थ. आधुनिक मराठीत मात्र त्याचा अर्थविस्तार इतका झाला की, १९४१ पासून राष्ट्र सेवा दलात सैनिक आहेत आणि १९६६ पासून ‘शिवसैनिक’ हा शब्द मुंबईच्या गल्लोगल्ली रुळला आहे. एखाद्या पक्षाचा फलक रंगविणारा तरुण सैनिक म्हणवून घेऊ शकतो, त्यात कोणाला विसंगती वाटत नाही, आणि वाटण्याचे कारणही नाही. परंतु भाषेत इतका पसरलेला हा शब्द शासनाच्या दप्तरात गेला की एकदम आक्रसतो. तेथे ‘माजी सैनिक’ म्हणजे भूसेना, नौसेना वा वायुसेना यांत सेवा करून नियमांत सांगितलेल्या रीतीने निवृत्त झालेली व्यक्ती. अर्थसंकोच हा भाषेचा नैसर्गिक व्यापार आहे खरा, पण येथे तो वापराने घडलेला नाही. तो लेखाशीर्षाने घडविलेला आहे.

कायद्याची भाषा तरी या बाबतीत एकमुखी आहे काय? तसे दिसत नाही. संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील संघसूचीच्या दुसऱ्या नोंदीत नौसेना, भूसेना व वायुसेना यांच्या जोडीने संघराज्याच्या ‘अन्य कोणत्याही’ सशस्त्र दलांचा उल्लेख आहे. केंद्रीय राखीव पोलीस दलाचा १९४९ चा अधिनियम त्या दलाचे वर्णन केंद्र शासनाने बाळगलेले सशस्त्र दल असे करतो आणि त्याच वाक्यात त्याला ‘पोलीस’ असे नाव देतो. एकाच वाक्यात जाती एक आणि नाम दुसरे! ही गुंतागुंत अर्धशतक कोणास जाणवली नाही, कारण तीवर काही अवलंबून नव्हते. २२ डिसेंबर २००३ च्या अधिसूचनेने १ जानेवारी २००४ पासून केंद्राच्या सेवेत येणाऱ्यांस नवी अंशदायी निवृत्तिवेतन योजना लागू केली आणि त्यातून ‘सशस्त्र दले’ वगळली. त्या क्षणापासून ‘सशस्त्र दले’ या दोन शब्दांत राखीव पोलीस येतो की येत नाही, यावर लाखो कुटुंबांचे म्हातारपण लोंबू लागले. ११ जानेवारी २०२३ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने तो येतो असा निर्णय दिला. शासनाचे म्हणणे असे की, वगळलेली दले म्हणजे केवळ तिन्ही सेना. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी उच्च न्यायालयाच्या निर्णयास अंतरिम स्थगिती दिली.

‘सशस्त्र दल’ या पदाचा अर्थ शस्त्र धारण करणारे दल असा व्युत्पत्तीने होतो व व्यवहारानेही होतो. शासनाला हवा असलेला अर्थ रूढीने आला असे दाखविता आले असते, तर वाद मिटला असता. पण रूढी शासनाच्याच कागदांत दुहेरी आहे. २०११ पर्यंत या दलांस ‘निमलष्करी’ म्हणत. हा शब्द मराठीत चांगला रुळला होता आणि त्यात निदान ‘लष्कर’ अर्धे तरी होते. त्या वर्षी गृह मंत्रालयाने ‘केंद्रीय सशस्त्र पोलीस दले’ हे एकविध नाव ठरविले. २३ नोव्हेंबर २०१२ च्या आदेशाने त्यांच्या निवृत्तांस ‘माजी केंद्रीय सशस्त्र पोलीस दल कर्मचारी’ असे अभिधान मिळाले आणि माजी सैनिकांसारख्या सवलती त्यांस द्याव्यात, असे राज्यांस सुचविण्यात आले. ‘सुचविण्यात आले’ या क्रियापदाकडे लक्ष द्यावे. अभिधान केंद्राने दिले आणि सवलत राज्यांच्या मर्जीवर ठेवली. शिवाय सहा शब्दांच्या या नावात ‘सैनिक’ कोठेही नाही, शेवटी आहे तो ‘कर्मचारी’. शिवछत्रपतींच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला तेव्हापासून आपल्याकडे पदनामे विचारपूर्वक ठरविण्याची परंपरा आहे. तिच्या अभ्यासकांनी या षट्पदी नावाचाही विचार करावा.

आता खर्चाच्या भाषेकडे वळू. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात संरक्षण मंत्रालयासाठी ६ लाख ८१ हजार २१० कोटी रुपयांची तरतूद होती. त्यांपैकी निवृत्तिवेतने १ लाख ६० हजार ७९५ कोटी, म्हणजे शेकडा सुमारे २३.६. हा भाग लहान नाही. त्याच्यामुळे नव्या सामग्रीच्या खरेदीस चिमटा बसतो, असे म्हणणाऱ्यांच्या युक्तिवादात तथ्य आहे, आणि त्यांना देशप्रेमाची परीक्षा द्यावयास लावणे हा उतावळेपणा होय. माझा आक्षेप आकड्यास नाही, त्याच्या वर्णनास आहे. आपले अग्रलेख विमाने व तोफा यांवरील खर्चास ‘सज्जता’ आणि ‘आधुनिकीकरण’ म्हणतात. निवृत्तिवेतनास ‘भार’ किंवा ‘बोजा’ म्हणतात. दोन्ही रकमा एकाच तिजोरीतून, एकाच शीर्षाखाली जातात. तोफेचा उल्लेख होतो तेव्हा वाक्याचा रोख भविष्याकडे असतो. तोफ चालविणाऱ्याचा उल्लेख होताच तो मागे वळतो व कपाळाला आठी पडते. शब्दयोजनेतच निकाल देऊन टाकला की युक्तिवादाला करावयाचे काही उरत नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. केंद्रीय राखीव पोलीस दलाची तरतूद (त्याच वर्षी सुमारे ३५ हजार कोटी) संरक्षण मंत्रालयाकडे नसून गृह मंत्रालयाकडे असते. गडचिरोलीच्या पोलिसांचा खर्च राज्याच्या गृह विभागाचा, आणि त्याचा काही भाग केंद्राकडून ‘सुरक्षासंबंधी खर्च’ या नावाच्या योजनेतून परत मिळतो. त्यामुळे संरक्षण-खर्च फार की थोडा, हा वाद जेव्हा राष्ट्रीय व्यासपीठांवर रंगतो तेव्हा या जंगलातला खर्च दोन्ही बाजूंच्या वाक्यांबाहेर राहतो. तो फार म्हणणाऱ्याने धरलेला नसतो, थोडा म्हणणाऱ्यानेही नसतो. येथील पोलिसाचे निवृत्तिवेतन तर राज्याच्या नियमांनी चालते, आणि १ नोव्हेंबर २००५ नंतर रुजू झालेल्यास अंशदायी योजना लागू झाली. मार्च २०२३ मध्ये राज्य कर्मचाऱ्यांनी ‘जुनी पेन्शन’ म्हणून संप केला. पोलिसास संप करता येत नाही, तेव्हा त्या घोषणेत त्याचा आवाज मिसळणे शक्यच नव्हते.

संरक्षण-खर्च म्हणून ओळखला जाणारा पैसा चंद्रपूर जिल्ह्यात दुसऱ्याच वाटेने येतो. भद्रावतीची आयुध निर्माणी ही १९६२ च्या चीन-युद्धानंतरच्या काळातील. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन सात कंपन्या झाल्या आणि भद्रावती पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेली. या बदलास ‘निगमीकरण’ म्हणण्यात आले. कामगार संघटना त्यास खाजगीकरणाची पहिली पायरी म्हणत होत्या. त्याच वर्षी आवश्यक संरक्षण सेवांत संपास मनाई करणारा कायदा झाला. संपाची बंदी करताना दारूगोळा भरणारा कामगार ‘संरक्षण सेवा’ या पदात बसतो, निवृत्तीनंतर मात्र तो ‘माजी सैनिक’ या पदाच्या आसपासही फिरकत नाही. मला हे उदाहरण राखीव पोलिसाच्या उदाहरणाइतकेच बोलके वाटते: कर्तव्य सांगताना पदाची व्याप्ती रुंद आणि देणे सांगताना अरुंद.

देण्याविषयी मराठीत जे शब्द चालतात त्यांची प्रतवारी लावून पाहण्यासारखी आहे. ‘निवृत्तिवेतन’ या समासात ‘वेतन’ आहे, म्हणजे कामाचा मोबदला. सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ च्या नकारा प्रकरणातील निकालात (घटनापीठाचे अध्यक्ष सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड होते) निवृत्तिवेतन ही मालकाने कृपेने दिलेली देणगी नव्हे, असे प्रतिपादन केले. मराठी समासाने ते आधीच सांगितलेले होते. याच्या खाली ‘अनुदान’. त्याच्या खाली ‘सानुग्रह अनुदान’, ज्यात अनुग्रह, म्हणजे कृपा, उघडच आहे. अग्निवीराच्या वाट्यास आलेला शब्द ‘सेवानिधी’. त्यात वेतन नाही, आहे तो निधी, आणि चार वर्षांअखेरच्या सुमारे ११ लाख ७१ हजार रुपयांच्या या निधीत निम्मी वर्गणी त्याच्याच मासिक वेतनातून कापलेली असते. चारांतील एक कायम सेवेत घेतला जावयाचा, उरलेले तिघे परत. अशा वेळी योजनेने त्याला नाव दिले ‘वीर’. ‘सैनिक’ हे पदनाम आहे. त्यास जोडून नियम, दर्जा, दाखला येतो. ‘वीर’ ही पदवी आहे. तीस जोडून काहीच येत नाही. सैन्य तरुण राहावे हा योजनेमागील विचार चुकीचा आहे असे मी म्हणत नाही, तो लष्करी तज्ज्ञांचा प्रांत आहे. पण नामकरण करणाऱ्याने विशेषणाला नामाच्या जागी बसविले आणि आपल्या वृत्तपत्रांनी ते विनातक्रार छापले, एवढे नोंदवून ठेवावेसे वाटते.

या साऱ्या शब्दांना क्रियापदे कोणती लागतात, हेही पाहावे. माजी सैनिकास निवृत्तिवेतन ‘मिळते’, योजना ‘लागू होते’, लाभ ‘देण्यात येतो’, आणि घेणारा ‘लाभार्थी’. देणारा कर्ता वाक्यातून अदृश्य असतो. ‘शासन देणे लागते’ अशी साधी, कर्ता ठणकावून सांगणारी रचना मराठीत आहे. वाण्याच्या दुकानापासून सावकाराच्या खतापर्यंत ती चालते. माजी सैनिकांच्या प्रश्नावरील विधिमंडळातील वा जाहीर सभांतील भाषणांत ती मला क्वचितच ऐकू आली आहे.

राहिला ‘शहीद’. हा या वादातला सर्वांत तापलेला शब्द, आणि डिसेंबर २०१५ मध्ये शासनाने लोकसभेत लेखी उत्तर दिले ते असे की, सेनादलांतील वा केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांतील मृतांसाठी हा शब्द अधिकृतरीत्या वापरला जात नाही. म्हणजे जो दर्जा मिळावा म्हणून निमलष्करी दलांचे निवृत्त मागणी करीत आले, जो अग्निवीरास नाकारला म्हणून संसदेत गदारोळ झाला, तो अधिकृत कोशात अस्तित्वातच नव्हता. प्रत्यक्षात अस्तित्वात आहेत ती वेगवेगळ्या दलांची वेगवेगळी कोष्टके: कोणास उदारीकृत कुटुंब-निवृत्तिवेतन, कोणास विम्याची रक्कम, कोणाच्या वारसास नोकरी. मागणी वास्तविक कोष्टकांच्या समानतेची होती. ती ‘शहीद’ या शब्दात गुंडाळली गेल्यामुळे राज्यकर्त्यांची सोय झाली. शब्द द्यावयास खर्च येत नाही, आणि व्यासपीठावरून तो कोणीही देतो.

मराठीपुरते बोलावयाचे तर येथे आणखी एक पेच आहे. ‘हुतात्मा’ हा सावरकरांनी रूढ केलेला शब्द आपल्याकडे स्वातंत्र्यलढ्याशी आणि पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याशी इतका एकजीव झाला की मुंबईत तो एका चौकाचे नाव आहे; आणि तेथे स्मरण होते ते पोलिसांच्या गोळीने पडलेल्यांचे. पोलिसाच्या मृत्यूस तो शब्द लावताना मराठी जीभ किंचित अडखळते व ‘शहीद’कडे वळते ती यामुळे असावी, असा माझा तर्क आहे. पण या दोन जिल्ह्यांत ‘शहीद’ही मोकळा नाही. १६ ऑगस्ट १९४२ रोजी चिमूरला गोळीबारात पडलेले येथे शहीदच. माओवादी पक्ष २८ जुलैपासून ३ ऑगस्टपर्यंत जो सप्ताह पाळत आला त्याचेही नाव ‘शहीद सप्ताह’, आणि दलमच्या मेलेल्या माणसांसाठी जंगलातील गावांत त्याने उभारलेली तीही ‘शहीद स्मारके’. ज्याने सुरुंग पेरला तो आणि ज्याच्या गाडीखाली तो फुटला तो, दोघेही आपापल्या लोकांत एकाच शब्दाने ओळखले जातात. अशा शब्दावर कोणताही हक्क उभा करता येत नाही, हे या प्रदेशाबाहेरच्या वक्त्यांच्या ध्यानात येत नसावे.

हा प्रश्न आता अधिक निकडीचा होणार आहे. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी गडचिरोलीत मल्लोजुला वेणुगोपाल ऊर्फ भूपती याने साठ सहकाऱ्यांसह मुख्यमंत्र्यांपुढे शस्त्रे खाली ठेवली. शस्त्र ठेवणाऱ्यांसाठी ‘आत्मसमर्पित’ हा शब्द आहे, त्यांच्यासाठी ‘पुनर्वसन’ नावाची योजना आहे, योजनेत रकमा ठरलेल्या आहेत. आणि ते योग्यच आहे. त्यांच्याशी लढून जे पन्नाशीला आले, ज्यांचे गुडघे डोंगर चढून गेले, त्यांच्यासाठी राज्याच्या भाषेत वेगळे पदनाम नाही. ते सेवानिवृत्त पोलीस कर्मचारी आहेत, पुण्यातल्या वाहतूक चौकीवरून निवृत्त झालेल्यासारखेच. चंद्रपूरजवळ विसापूरला २०१९ मध्ये सैनिकी शाळा निघाली आहे. याच जिल्ह्यांतील निवृत्त पोलिसांचे नातू तेथे शिकून ‘सैनिक’ या शब्दाच्या आत जातील. आजोबा बाहेर राहतील.

चंद्रपुरात २१ ऑक्टोबरला दोन कार्यक्रम होतात. १८५८ मध्ये याच तारखेला चांद्याच्या तुरुंगात बाबुराव शेडमाके यांना फाशी देण्यात आली. त्या जागी गोंड समाजाचे लोक मोठ्या संख्येने जमतात आणि त्यांना ‘वीर’ व ‘शहीद’ म्हणतात. १९५९ मध्ये याच तारखेला लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्ज येथे चिनी सैन्याशी झालेल्या झटापटीत केंद्रीय राखीव पोलीस दलाचे दहा जवान पडले. देशभर तो ‘पोलीस स्मृतिदिन’ असतो, आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुख्यालयांत वर्षभरात गेलेल्यांची नावे वाचली जातात. परकीय सैन्याशी देशाच्या सीमेवर लढून मेलेले ते दहा जणही अधिनियमानुसार पोलीसच होते.